मोडलेल्याची खूण

“एका पलंगावर दोन-दोन माणसं दाखवतंय, काका,” तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर फोनवर सांगत होती. “सात नंबरवर दोन आजोबा आहेत. एक खरे, दुसरे गेल्या आठवड्यात घरी गेलेले. आणि गोळ्या घरी गेलेल्यांच्या दाखवतंय.”

रिव्हर्सकाकांनी फोन कानाशी धरूनच घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून पाच मिनिटे. सकाळी सात वाजता त्यांनी रुग्णालयाच्या मुख्य संगणकावर नव्या आवृत्त्या चढवल्या होत्या, आणि त्या तीन तास गुण्यागोविंदाने नांदून आता आपले खरे रूप दाखवू लागल्या होत्या. पडद्यावरचे काहीही खरे धरू नका, गोळ्या कागदी चार्टवरूनच द्या, मी सगळे मागे नेतो, असे त्यांनी सिस्टरला बजावले.

“न्या मागे,” सिस्टर म्हणाली. “ते तुम्हालाच जमतं.”

जमत होते खरे. सव्वीस वर्षे ते तळघरातल्या त्या गार खोलीत हेच करत आले होते. संगणकावर नवीन काही चढवणारे पुष्कळ असतात. त्यात फारशी अक्कल लागत नाही. एक बटण दाबले की संगणक स्वतःच पुढचे पाहून घेतो. पण एक नवे पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचे गाठोडे, एकटे कधी येत नाही. ते आपल्याबरोबर दहा जणांना घेऊन येते, त्या दहांचे आणखी वीस सोयरेधायरे असतात, आणि ही सगळी वरात आत शिरताना जुन्यांना उठवून त्यांच्या जागा बळकावते. पुढे काही बिघडले आणि परत जायची वेळ आली, की कोण कोणाच्या मागून आला, आधी तिथे कोण बसला होता, कोणत्या आवृत्तीचा होता, हे सगळे ठाऊक असावे लागते. शेवटी आलेल्याला आधी काढायचे, मग त्याच्या आधीच्याला. जुनी पॅकेजे कंपनीने तोवर आपल्या फळीवरून फेकूनही दिलेली असतात. काका ती स्वतः साठवून ठेवत. लोखंडी कपाटात, डिस्कवर, गोल वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवून.

नवे काही खऱ्या संगणकावर चढवण्याआधी ते एका जुनाट, मोडीत काढलेल्या संगणकावर आधी चढवत, मग पूर्ण उतरवत, आणि सगळे होते तसे झाले की नाही हे एकेक फाइल लावून पडताळत. तेवढे झाल्याशिवाय ते खऱ्या संगणकाला हात लावत नसत. आजचे नवे सामानही त्या जुनाट संगणकावर दोन दिवस शहाण्यासारखे वागले होते, पण तिथे शंभर पलंग नव्हते. रुग्णालयात या सगळ्याची थट्टा होई. रिव्हर्सकाका हे नाव कुठल्याशा कंपाउंडरने ठेवले आणि ते इतके चिकटले, की नव्या लोकांना ते आडनावच वाटे. घरीही तीच गत. कुलूप लावून दोन मजले उतरल्यावर पुन्हा दोन मजले चढून ते ओढून बघायचे, ही त्यांची रोजची रीत. लग्नाच्या वेळीसुद्धा परतीची तयारी करून ठेवली होती का, असे बायकोने एकदा विचारले होते. त्यावर काका गंभीरपणे म्हणाले होते, “तेवढं एकच काम बिनतयारीचं झालं.” ती चांगली आठवडाभर हसत होती.

मात्र या कामात एक वाईट असते. ते नीट झाले की काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल कुणी कुणाची पाठ थोपटत नाही. सव्वीस वर्षांत काकांची पाठ कुणी थोपटली नव्हती. त्यांना त्याचे फार वाईट वाटत नसे, असे ते म्हणत. थोडे वाटत असे.

परत यायला दोन वाटा होत्या. एक लांबची, पॅकेजमागून पॅकेज उतरवत जाणारी. तिच्यात तीन तास मोडत, पण मधल्या काळात लोकांनी संगणकात जे भरले असेल ते जिथल्या तिथे राही. दुसरी वाट जवळची. सकाळी कामाला हात घालण्याआधी काका अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत टिपून ठेवत. तिला ते ‘खूण’ म्हणत. त्या खुणेवर उडी मारली की वीस मिनिटांत सगळा संगणक सकाळी सात वाजता होता तसा. पण मग सातनंतर त्यात जे जे आले ते सगळे नाहीसे, जणू कुणी काही भरलेच नव्हते. काका या वाटेने फारसे जात नसत.

ते लांबच्या वाटेची यादी काढत होते तेवढ्यात साहेब जिना उतरून आले. संगणक विभागाचे हे साहेब वर्षभरापूर्वी आलेले, वयाने काकांच्या मुलाच्या बरोबरीचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून दर पाच मिनिटांनी फोन येत होते आणि प्रत्येक फोनगणिक त्याचा चेहरा उतरत होता. तो काकांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तीन तास लागतील हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

“काका, वर पलंगांवर भुतं दिसतायत आणि तुम्ही तीन तास म्हणताय. खुणेवर जा ना सरळ.”

खुणेवर जायचे तर आधी विचारावे लागेल, काका म्हणाले. सातनंतर कुणी काही भरले आहे का, हे प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारायचे, असा त्यांचा नेम होता. त्यांच्या वहीत चौदा ठिकाणांची यादी होती. सकाळपासून सगळ्या पडद्यांवर ‘काही भरू नका, काम चालू आहे’ अशी लाल पाटी झळकत होती, तरी त्यांनी चौदाही फोन केले. चौदाही ठिकाणी कुणी काही भरले नव्हते.

राहिले एकच काम. मागे उडी मारण्याआधी या बिघडलेल्या संगणकाचीही एक प्रत टिपून ठेवायची. मोडलेल्याची खूण. ही पद्धत काकांची स्वतःची, कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. मोडलेल्यातसुद्धा काहीतरी चांगले असू शकते आणि ते फेकून दिल्यावरच आठवते, असे त्यांचे मत होते. सव्वीस वर्षांत तिचा उपयोग जेमतेम दोनदा झाला होता. पण ती टिपायला चाळीस मिनिटे लागत.

“चौदा ठिकाणी विचारलंत,” साहेब म्हणाले, “चौदा जण नाही म्हणाले. मग चाळीस मिनिटं कशासाठी? सवय आहे म्हणून?”

हा शब्द काकांना लागला. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, आणि काका आता सवयीने चालतात, डोक्याने नाही, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. आपण काही अगदीच जुनाट झालो नाही, हे त्या पोराला दाखवावेसे त्यांना वाटले. एवढेच झाले. त्यांनी मोडलेल्याची खूण टिपली नाही आणि दहा चाळीसला मागे उडी मारली.

अकरा वाजता सात नंबरच्या पलंगावर एकच आजोबा उरले. वरचे फोन थांबले. साहेबांनी खरोखर काकांची पाठ थोपटली, आणि काकांनी त्या दिवशी चहाबरोबर दोन बिस्किटे जास्त खाल्ली. साडेअकरापर्यंत ते सुखात होते.

साडेअकराला तळमजल्यावरच्या शेवटच्या वॉर्डाची सिस्टर जिना उतरून खाली आली. ज्यांच्यावर आता उपचार उरलेले नाहीत, दुखणे तेवढे कमी ठेवायचे, अशा माणसांचा तो वॉर्ड. ही सिस्टर कधी फोन करत नसे, काम असले की स्वतः येई.

“काका, आजींचं बोलणं सापडत नाहीये,” ती म्हणाली. “सकाळी भरलं होतं. हिरवा दिवा लागला होता.”

काकांनी वही उघडली नाही. यादीत पंधरावे ठिकाण नाही, हे वही न उघडताच त्यांना कळले होते.

पंधरावे ठिकाण त्यांनीच उभे केले होते. त्या वॉर्डाच्या टोकाला एक अडगळीची खोली होती. आठ महिन्यांपूर्वी सिस्टरने ती झाडून घेतली, एक खुर्ची टाकली आणि काकांकडे हट्ट धरला. जाणाऱ्या माणसांना आपल्या माणसांशी बोलायचे असते, ती म्हणाली होती, पण समोरासमोर तोंडातून शब्द फुटत नाही. एकटे बसून बोलता येईल असे काहीतरी करून द्या. काकांनी कपाटातून एक जुनी ध्वनिमुद्रणाची पेटी काढली, तिला माइक जोडला, आणि आवाज थेट मुख्य संगणकावर जाऊन बसेल अशी तार ओढून दिली. अर्ज नाही, मंजुरी नाही, नुसता सिस्टरचा शब्द. त्या खोलीत पडदा नव्हता, त्यामुळे लाल पाटी दिसायचाही प्रश्न नव्हता. पेटीवर फक्त आवाज भरला की लागणारा एक हिरवा दिवा. कागदोपत्री खोली नव्हतीच, म्हणून ती यादीत चढली नाही. सगळ्या गोष्टी यादीत लिहिणाऱ्या माणसाने आपल्या हातचे एक चांगले काम तेवढे लिहायचे राहू दिले होते.

“कोणत्या आजी?” त्यांनी विचारले, जणू त्याने काही फरक पडणार होता.

काजवाल्या आजी. गणवेश शिवायच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे नुसती बटणांची काजे केली होती. अंथरुणाला खिळल्या तरी सिस्टरच्या अंगातल्या एप्रनचे बटण सैल दिसले की हात पुढे करत. तोंडाने मात्र अगदी कमी बोलत. मुलगी लांबच्या गावी नोकरीला होती, आणि मुलीशीही त्या कामापुरतेच बोलत. तीन आठवडे सिस्टर त्यांना त्या खोलीत चला म्हणून विनवत होती आणि त्या नकारार्थी मान हलवत होत्या. आज सकाळी नाष्टा न घेताच त्या स्वतः म्हणाल्या, “ने मला तिकडे.” सिस्टरने चाकाच्या खुर्चीतून नेले, बटण दाबून दिले आणि नियमाप्रमाणे दार ओढून ती लांब जाऊन उभी राहिली. आत काय बोलणे झाले ते तिने ऐकले नाही. बाहेर आणल्यावर आजी एवढेच म्हणाल्या, “झालं एकदाचं.” सिस्टरला इतका आनंद झाला की तिने तेव्हाच मुलीला फोन करून सांगितले, आई तुमच्यासाठी बोलल्यात, लवकर या आणि ऐका.

काका त्या दुपारी जेवले नाहीत. मोडलेल्याची खूण असती तर हे काम दहा मिनिटांचे होते. ती नव्हती, म्हणून ते डिस्कचा कोपरा न् कोपरा उकरत बसले. माहीत असलेली सगळी हत्यारे त्यांनी चालवून पाहिली, दोन माहीत नसलेलीही. पण जिथे तो आवाज होता, तिथे अकरा वाजल्यापासून पलंगांच्या याद्या लिहिल्या जात होत्या. दुपारी तीनला त्यांनी हात टेकले.

मग ते तळमजल्यावर गेले. आजींना पुन्हा एकदा बोलवून घ्यावे, पाया पडून सांगावे, असे त्यांच्या मनात होते. आजी भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. श्वास मोठा आणि तुटक चालला होता. एक वाजल्यापासून अशाच आहेत, सिस्टर हळूच म्हणाली, डॉक्टर म्हणाले आता जाग यायची नाही. काका पलंगाच्या कडेला उभे राहिले. त्यांना त्या बाईला काही सांगायचे होते, पण ते सांगून काय होणार होते? पहाटे आजी गेल्या.

आदल्या रात्री जेवताना काकांनी बायकोला सारे सांगितले होते. ती एरवी अशा वेळी एखादी कोपरखळी मारून वातावरण हलके करी. या वेळी तिने ताट बाजूला सरकवले आणि विचारले, “तिच्या मुलीला कोण सांगणार?”

सकाळी साहेबांनी त्यांना वर बोलावून घेतले. सिस्टरकडून त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी दार लावले, काकांना बसायला सांगितले, आणि रात्री आपल्यालाही झोप लागली नाही, असे कबूल केले. मग मुद्द्यावर आले. मुलगी दुपारी पोचते आहे. तिला सांगायचे, की पेटी जुनी होती, बिघडली, आवाज भरलाच गेला नाही. कुणाच्या हातून काही झाले, असे निघायला नको. ती बिचारी आधीच आई गेल्याच्या दुःखात.

“आणि तुम्ही त्या खोलीची मंजुरी घेतली नव्हतीत, काका. चौकशी लागली तर तुमच्यावरच येईल. दोन वर्षं राहिलीयत तुमची. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

तो भल्यासाठीच सांगत होता, हे काकांना दिसत होते. पेटी बिघडली म्हटले की सगळे सुटत होते. फक्त, पेटी बिघडली म्हणजे आजी बोलल्याच नाहीत असेही होत होते. एकदा त्यांचे बोलणे पुसले ते पुसले, आता त्या बोलल्या होत्या हेही पुसायचे.

“एवढं एक सांगितलं की मला मागे घेता येणार नाही, साहेब,” काका म्हणाले आणि उठले.

खाली येऊन त्यांनी त्या खोलीतली पेटी उघडली. आवाज तिच्यात राहत नव्हता, तो तारेवरून पुढे निघून जाई. तिच्यात राहत होत्या फक्त वेळा. पेटी कधी सुरू झाली, कधी थांबली. शेवटची नोंद कालचीच होती. ती त्यांनी दोनदा वाचली आणि वहीच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतली.

मुलगी दीड वाजता आली. चाळिशीची, उंच, खांद्याला प्रवासाची बॅग. वाटेतच तिला आई गेल्याचे कळले होते. डोळे सुजलेले होते, पण आता कोरडे. आईला पाहून, कागदांवर सह्या करून ती सिस्टरबरोबर वॉर्डाच्या टोकाशी आली. हातात आईची पिशवी होती. एक शाल, चष्मा आणि शिवणाचा डबा, एवढेच तिच्यात होते. काका त्या खोलीच्या दाराशी उभे होते.

“हेच का ते संगणकवाले?” तिने सिस्टरला विचारले. “कुठे ऐकायचं?”

काकांनी रात्रभर वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही आठवेना.

“तुमच्या आई काल बोलल्या होत्या,” ते म्हणाले. “ते माझ्या हातून पुसलं गेलं. पेटी चांगली होती. मी संगणक मागे नेला तेव्हा या खोलीत विचारायचं राहून गेलं, आणि आधी एक प्रत ठेवायची असते, ती मी घाईत ठेवली नाही. सगळं शोधून पाहिलं. आता ते मिळणार नाही.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ओरडेल, असे सिस्टरला वाटले. ओरडली असती तर काकांना बरे वाटले असते.

“काय म्हणाली, कुणी ऐकलं का?”

सिस्टरने नकारार्थी मान हलवली. दार लावलेले होते.

“मग बोलली हे कशावरून?” मुलीचा आवाज चढला नाही, पण त्यात धार आली. “आईला मी ओळखते. फोनवर दोन वाक्यांवर गेली नाही कधी. बरी आहेस ना, ठेवते. कुणीतरी बसवली असेल खुर्चीत, बसली असेल गप्प, आणि उठली असेल. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

काकांनी वहीचे पान फाडून तिच्यापुढे धरले. वेळा सांगितल्या. नऊ वाजून बावीस मिनिटे पाच सेकंदांनी पेटी सुरू झाली आणि नऊ सव्वीस सतराला थांबली. कुणी बोलत नसेल तर पेटी दहा सेकंदांत आपोआप बंद होते, तशी मीच जुळवली आहे, हेही सांगितले. मध्ये ती एकदाही थांबलेली नव्हती.

“चार मिनिटं बारा सेकंद,” ते म्हणाले. “त्या बोलत होत्या.”

मुलीने कागद घेतला. तोंडातल्या तोंडात आकडे पुन्हा मोजले.

“चार मिनिटं,” ती म्हणाली. “माझ्याशी.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. काल सकाळची तिची वेळ ती मनात शोधत असावी, कारण थोड्या वेळाने ती कुणाकडे न बघता बोलू लागली.

“नऊ बावीसला मी बसच्या थांब्यावर होते. बस गेली होती, दुसरी यायची होती. काहीच करत नव्हते. फोन हातातच होता.”

सिस्टरने तोंड फिरवले. काकांना काहीतरी बोलावेसे वाटले, पण जे आता बदलता येत नाही त्यावर बोलायची त्यांना सवय नव्हती. तक्रार लिहायची असेल तर कार्यालय वरच्या मजल्यावर आहे, माझे नाव सिस्टर सांगतील, एवढे मात्र त्यांनी सांगितले.

तक्रारीचे तिने ऐकले की नाही, कोण जाणे. तिने विचारले, “कशी बसली होती? तोंड कुठे करून?”

सिस्टर आत गेली आणि खुर्ची काल होती तशी लावून दिली. पाठ दाराकडे, पेटी समोर, गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर. मुलीने प्रवासाची बॅग भिंतीशी टाकली. आईची पिशवी मात्र कुठे ठेवावी हे तिला सुचेना. काकांनी हात पुढे केला तशी तिने ती त्यांच्या हातात दिली. मग ती आत जाऊन त्या खुर्चीत बसली आणि दार ओढून घ्या म्हणाली.

दार लागले. सिस्टरला वॉर्डातून हाक आली आणि ती गेली. बोळात काका एकटेच उरले. आतून काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिले नाही, पण चार मिनिटे होऊन गेल्याचे त्यांना कळले. नंतर पुष्कळ वेळ गेला. शेजारी बाक होता, त्यावर पिशवी ठेवता आली असती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून ठेवली आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.